शूरसेनाची मोहीम

पोतं जमिनीला टेकलं आणि वरून टाळ्या वाजल्या.

"आला का हीरो?" दादाचा आवाज नाळेत घुमला. "कळसेकर, फोटो!"

कळसेकरने फोटो काढला. तो फोटो अजून आमच्या घरात आहे. त्यात तांदळाचं एक पोतं आहे, पोत्याच्या तोंडाशी आवळलेला जाड दोर आहे आणि दोराखाली एका कुत्र्याचं डोकं आहे. साहसाचा आनंद कुणाला झाला असेल तर तो पोत्याला. कुत्र्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नाही.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी एक नाळ, म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद घळ, आमचा ट्रेकिंगचा गट उतरत होता. या नाळेत मध्येच दुमजली घराएवढा सरळ कडा लागतो. तिथे वरच्या झाडाला दोर अडकवून एकेकाला खाली सोडायचं, आणि शेवटच्याने उतरल्यावर दोर ओढून घ्यायचा. शेवटचा अर्थातच दादा. उपेंद्र, माझा थोरला भाऊ. कुठल्याही संकटातून सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचं हा त्याचा नियम होता. संकट कुणी आणलं, याबद्दल त्याचा काही नियम नव्हता.

कळसेकर सर्वांत आधी उतरला होता, कारण तो जाड होता आणि दोर टिकतो का ते कळायला हवं होतं. मग मी, मग बाकीचे. वर आता दादा आणि रोहिणीवहिनी एवढेच उरले होते. वहिनीच्या आधी कुत्र्याचा नंबर लावण्यात आला, कारण दादाच्या मते तो गटाचा अधिकृत सदस्य झालेला होता.

हे सदस्यत्व त्याला पहाटे मिळालं. आम्ही पठारावरच्या वाडीतून अंधारातच निघालो होतो. धुकं होतं, गवत कमरेएवढं होतं, आणि त्या गवतातून दोन डोळे चमकले. दादाने बिस्किट टाकलं. डोळे आमच्यामागून येऊ लागले.

"नजर बघा याची," दादा म्हणाला. "लांडग्याचं रक्त आहे."

"ग्लुकोज बिस्किटाचं आहे," कळसेकर म्हणाला.

"तुला नाही कळायचं. आजपासून याचं नाव शूरसेन."

यामागे एक पुस्तक होतं. परमुलखात, बर्फात एकटा पडलेला एक पाळीव कुत्रा कसा तगतो, अशी जगभर वाचली जाणारी ती जुनी साहसकादंबरी. दादाला तिचा मराठी अनुवाद शाळेत बक्षीस मिळाला होता, आणि त्यानंतर दुसरं पुस्तक वाचायची त्याला गरज पडली नव्हती. प्रत्येक ट्रेकच्या पहिल्या मुक्कामाला तो त्यातलं एक प्रकरण मोठ्याने वाचायचा. बर्फ, लांडगे आणि दाढीवाले पुरुष. आदल्या संध्याकाळी वाडीच्या देवळात त्याने वाचलं तेव्हा कळसेकर रडला. कळसेकर दर वेळी रडायचा. वहिनी खांबाला टेकून, शाल घट्ट लपेटून बसली होती. ती पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली होती. तिचं बाळ पाच महिन्यांचं होतं आणि नारायणगावला, घरी, आईजवळ होतं.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," दादा म्हणाला होता. "बाळंतपणानंतर बाई घराला चिकटून बसते. एकदा बाहेर काढली की मोकळी होते."

"जा गं," आईही म्हणाली होती. "वरचं दूध आहे, बाटली आहे, मी आहे."

वहिनी काय म्हणाली होती ते मला आठवत नाही. बहुधा तिला कुणी विचारलं नव्हतं.

तर शूरसेन. कड्याच्या टोकाशी आल्यावर तो थांबला होता आणि मागे वळून पठाराकडे चालू लागला होता. मी तोवर खाली पोहोचले होते, त्यामुळे मला फक्त ऐकू आलं.

"घाबरला बिचारा," दादा म्हणत होता. "पण मनातून यायचंय त्याला. कसा कुईकुई करतोय बघ. रोहिणी, ते तांदळाचं रिकामं पोतं दे."

असा शूरसेन कोकणाच्या दिशेने उतरला.

मी पोत्याची गाठ सोडली. शूरसेनाने आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. तो बाहेर पडला तो थेट कड्यावर झेपावला, नख्या खरवडत खाली घसरला, पुन्हा झेपावला, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी तो उताणा पडला आणि तेव्हा मी नीट पाहिलं. मग पोतं उलटं केलं. आतून ते ओलं होतं. मी वास घेतला. दूध होतं.

"दादा!" मी ओरडले. "दोर काढू नकोस!"

"काय?"

"शूरसेन मादी आहे!"

नाळेत आवाज फार छान घुमतो. मादी आहे, आहे, आहे, असं ते खाली कोकणापर्यंत गेलं असावं.

"कोण म्हणालं?"

"मी बघितलं!"

"नीट बघ! केस दाट आहेत त्याचे!"

"नीटच बघितलं! थानं भरलीत तिची! हिची पिल्लं वर आहेत, वाडीत!"

दादाची अडचण मला समजत होती. त्या कादंबरीतल्या कुत्र्याला अख्ख्या पुस्तकात थंडी वाजते, भूक लागते, शत्रू भेटतात. पण कुणाला दूध पाजायचं राहिलंय, असा प्रसंग त्याच्यावर एकदाही येत नाही.

"बरं मग," शेवटी दादा ओरडला, "शूरसेना म्हणू!"

"नाव राहू दे! तिला वर घे!"

"सुमे, जनावराला वाट सापडते. ती जाईल परत."

"या कड्यावरून?"

"पलीकडच्या घाटाने! वळसा घालून!"

"मध्ये तीन वाड्या आहेत! तिथली कुत्री तिला सोडतील का?"

"तीच तर परीक्षा असते!"

कळसेकर माझ्या शेजारी उभा होता. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "परीक्षा कुणाची गं?"

"पिल्लांची."

"म्हणजे ती..."

"डिसेंबर आहे. आज संध्याकाळपर्यंत ही पोहोचली नाही तर ती रात्र काढणार नाहीत."

कळसेकरने कॅमेरा पिशवीत ठेवला. कादंबरीतल्या कुत्र्यासाठी रडणारा माणूस खऱ्या कुत्रीसमोर एकदम कामाचा झाला. त्याने आपली चपाती काढून तिच्यापुढे धरली. तिने तोंड फिरवलं. सकाळी बिस्किटासाठी एवढं चाललेल्या तिला आता काही खायचं नव्हतं. ती कड्याच्या तळाशी उभी राहून वर पाहत एका सुरात विव्हळत होती.

वर दादाचा निर्णय झालेला होता. "चला, उशीर होतोय. रोहिणी, तू ये पुढे. हार्नेसचे पट्टे लावतो."

वर दोर सरकल्याचा आवाज आला.

"रोहिणी?"

"अहो, आधी तिला वर घ्या."

वहिनी ओरडली नव्हती. पण तिथे साधं बोललेलंही खाली ऐकू यायचं. आम्ही सगळे एकदम वर बघायला लागलो. दिसत काहीच नव्हतं.

"अगं, खाली लोक थांबलेत."

"थांबू देत."

"सगळ्यांसमोर हट्ट करू नकोस."

"सगळे खाली आहेत. इथं आपण दोघंच आहोत."

"ऐकू येतंय वहिनी!" कळसेकर ओरडला. त्याचा हेतू चांगला होता.

"येऊ दे," वहिनी म्हणाली.

"आणि समजा नाही घेतलं वर," दादाने लीडरच्या आवाजात विचारलं, "तर काय करशील?"

"काही नाही. बसून राहीन."

"कुठे?"

"बसलेय ना. दोरावर."

गटात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. दादाची बाजू समजून घ्यायची तर, असल्या प्रसंगाचं प्रकरण त्याने वाचलेलं नव्हतं. विंचू, साप, वाट चुकणं, पाणी संपणं, या सगळ्यावर त्याच्याकडे उपाय होता. बायको दोरावर बसली तर काय करायचं, हे कुठल्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं. थोड्या वेळाने दोराचं टोक सळसळत खाली आलं.

आता कुत्रीने पोत्यात जायला नकार दिला. पोतं म्हणजे खाली जायचं साधन, असा तिचा अनुभव होता आणि तो एका उदाहरणावरून काढलेला असला तरी चुकीचा नव्हता. शिवाय नुसतं पोतं ओढलं असतं तर ते कड्यावर आपटत गेलं असतं. कुणीतरी तिला पाठीवर घेऊन चढायला हवं होतं. मी सगळ्यांत हलकी होते. कळसेकरने माझी सॅक रिकामी केली, तिला उचलून आत कोंबलं, फक्त मान बाहेर ठेवली, आणि बंद आवळताना तिच्याशी मालवणीत काहीतरी बोलला. त्याला वाटलं मी ऐकलं नाही.

"चावली तर?" मी विचारलं.

"चावली तर ओरड. वर ऐकू जातं."

ती चावली नाही. कड्यावर माझे हात खोबणी शोधत होते, दादा वरून दोर ताणत होता, आणि ती माझ्या कानाशी धापा टाकत होती. अर्ध्यावर गेल्यावर माझ्या पाठीवरून कोमट ओघळ उतरला. सॅक पाझरत होती. वर पोहोचून मी गुडघे टेकले, वहिनीने पटकन बंद सोडले आणि कुत्री निघून गेली. मागे वळून कृतज्ञतेने पाहणं वगैरे काही झालं नाही. घळीतले धोंडे ओलांडत ती वर दिसेनाशी झाली.

दादा दोर गुंडाळत म्हणाला, "झालं समाधान? चला आता."

"मी वर जाते," वहिनी म्हणाली.

"कशाला? पोहोचेल ती."

"मी घरी जाते."

"आज? ट्रेक अर्धा टाकून?" दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याची बहीण होते आणि बावीस वर्षं त्याच्या बाजूने होते, म्हणून पाहिलं असावं.

"मी तिच्यासोबत जाते," मी म्हणाले. "माझं सामान कळसेकरला घेऊन यायला सांग."

"वाट सापडेल का तुम्हाला?"

"सकाळी आलो तीच आहे, दादा."

तो दोर धरून उतरला. उतरल्यावर त्याने तो खालून ओढून घेतला, आणि दोराचं शेवटचं टोक झाडाला एक हिसका देऊन कड्याखाली गेलं.

आम्ही चढू लागलो. वहिनी चार पावलं टाकून थांबत होती. मला वाटलं दमली असेल. सवय नव्हती तिला. एका मोठ्या धोंड्याजवळ ती म्हणाली, "तू हो पुढे, मी आलेच." मी पुढे झाले. बराच वेळ ती आली नाही म्हणून परत फिरले.

ती धोंड्याआड पाठमोरी बसली होती. शाल बाजूला पडली होती. पुढून कुडता पार भिजलेला होता आणि ती दात आवळून दूध पिळून काढत होती. खालचा दगड ओला झाला होता.

"वहिनी."

"ये. काही नाही." तिने मान वळवली नाही. "काल रात्रीपासून दगड झालेत नुसते. ताप पण आहे बहुतेक."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ भाजत होती. त्या वर्षी मी एमेस्सीला होते, प्राणिशास्त्राला. सस्तन प्राण्यांच्या पेपरात मी वर्गात पहिली आले होते.

"दादाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. देवळातच सांगितलं. म्हणाले, चालायला लागलीस की विसरशील." तिने पुन्हा दात आवळले. "मग चालायला लागले."

"मला तरी सांगायचंस."

"काय सांगायचं? तुम्ही सगळी लांडग्यांच्या गोष्टी ऐकत होतात." तिने ओढणीने पुसलं, बटणं लावली. "त्यांनी तिला पोत्यात घातलं ना, तेव्हा ती ओरडली. तिचं ओरडणं ऐकलं आणि मला पान्हा फुटला. एकदम. तू खालून हाक मारलीस त्याच्या आधी."

"तेव्हाच बोलली असतीस."

"तेच म्हणत होते मनाशी. बोल, बोल. पण तोंडच उघडेना. मग तू ओरडलीस आणि मला वाटलं, चला, कुणीतरी म्हणालं." ती उठली. "कुत्रीसाठी भांडता आलं मला. बघ ना कसं असतं."

मी तिची शाल उचलून तिच्या खांद्यावर घातली.

वाडीत पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पहिल्याच झापाशी, म्हणजे गवताने शाकारलेल्या झोपडीशी, गवताची गंजी होती आणि गंजीच्या बुडाशी कंबरेवर हात ठेवून एक म्हातारी वाकून बघत होती. ठकूबाई. रात्री देवळात पाण्याचा हंडा तिनेच आणून दिला होता.

"आली बया तुमची," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. "कुटं हिंडत हुती इचारा तिला. सकाळधरनं पोरं वरडून वरडून गप झाली."

गंजीत पोकळी होती. कुत्री आडवी पडली होती, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलत होतं, आणि पाच पिल्लं तिला लोंबकळली होती. सहावं बाजूला पडलं होतं. ठकूबाईने ते उचललं, हलवलं, पुन्हा ठेवलं.

"ते गेलं जनू."

वहिनी खाली बसली. तिने ते पिल्लू उचलून शालीत, छातीशी धरलं आणि चोळत राहिली. तापाचा असाही उपयोग होतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठकूबाई आणि मी बघत उभ्या राहिलो.

"दर ऐतवारी कुणीतरी बिस्किटं दावून नेतंच मैनीला," ठकूबाई म्हणाली. "नाळंच्या तोंडापातुर जाती आन माघारी येती. आजच येळ लावला."

"आज तिला दोर बांधून कड्याखाली सोडली होती," मी म्हणाले.

ठकूबाई माझ्याकडे वळली. "कशापायी?"

मी पाठीवरची ओली सॅक खाली ठेवली.

"पुस्तकात होतं," वहिनी म्हणाली.

ठकूबाईने यावर विचार केला. मग ती झापात गेली आणि आमच्यासाठी गुळाचा चहा घेऊन आली. शिकलेल्या माणसांबद्दल तिला याहून जास्त करता येण्यासारखं नसावं. चहा संपत आला तेव्हा शालीतून बारीक आवाज आला. वहिनीने पिल्लू काढून मैनीच्या पोटाशी लावलं. ते दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा चिकटलं. वहिनीने तिथेच विचारलं, "एसटी कितीला असते, आजी?"

घरी पोहोचलो तेव्हा आई देवापुढे दिवा लावत होती. "अगं, उद्या येणार होतात ना?" असं म्हणताना तिने वहिनीचा चेहरा पाहिला आणि बाकीचं बोलली नाही. बाळ पाळण्यात जागं होतं. वहिनीने उचलून घेतलं तर त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तोंड फिरवून आईकडे हात केले. मग रडलं. वहिनी त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली. पुन्हा रडणं, पुन्हा थांबणं, असं बराच वेळ चाललं. गंजीतल्या पिल्लांनी असलं काही केलं नव्हतं. माणसाचं पिल्लू जास्त प्रगत असतं, त्यामुळे त्याला रुसता येतं. शेवटी आतून फक्त घुटक्यांचा आवाज येऊ लागला. आईने हातातली बाटली ओट्यावर ठेवली. दुपारी भरलेलं दूध तसंच होतं, बाळाने बाटली तोंडात घेतलीच नव्हती.

सोमवारी दुपारी दादा आला. नाक सोललेलं, अंगाला गवत चिकटलेलं, खुशीत. दारातच त्याने आईला हकिगत सांगायला घेतली. एका दिवसात त्या हकिगतीची प्रकृती बरीच सुधारली होती. कुत्रा आता कडा स्वतःच चढला होता, दोराचा त्याला नुसता आधार होता, आणि सुमी घाबरली म्हणून दोघी मागे फिरल्या होत्या.

"हळू बोल," आई म्हणाली. "काल डॉक्टर येऊन गेले. गळू होता होता राहिलं म्हणाले."

"कुणाला?"

आईने आतल्या खोलीकडे बोट केलं. दादा उंबऱ्यावर गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, तिथून मला दोघंही दिसत होती. वहिनी भिंतीला टेकून बाळाला पाजत होती. तिच्या कपाळावर ओली पट्टी होती. दादा चौकटीला हात लावून उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणसांबद्दल लिहिणं सोपं असतं.

"पिल्लं होती का खरंच?" त्याने विचारलं.

"सहा."

"सगळी..."

"जगली."

"रोहिणी, खरं सांगू? त्या कुत्रीला मी खाली न्यायला नको होतं."

वहिनीने बाळाच्या तोंडाशी आलेलं दूध बोटाने पुसलं.

"आणि मला?" ती म्हणाली.

दादा उंबऱ्यावर खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. नाड्या आधीच सुटलेल्या होत्या. तरी तो सोडत राहिला.